टाकीमागची सावली

फोटोत दातांचा डॉक्टर छाती काढून उभा होता. आपल्या गच्चीवर, नव्याकोऱ्या सौर पॅनेलांशेजारी, एक हात पॅनेलच्या कडेवर ठेवून, जणू नुकताच घोडा विकत घेतलाय. अनुदान मागणारे सगळे असेच उभे राहतात. नियमच आहे तसा: घराचा मालक, बसवलेली पॅनेलं आणि घराच्या नंबराची पाटी, तिन्ही एकाच फोटोत दिसली पाहिजेत, नाहीतर सरकार दमडी देत नाही. ती रोज असे फोटो बघायची. अनुदान कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून, आधी मालक, मग पॅनेलं, मग पाटी आणि शेवटी सावली. पॅनेलवर कुठूनही सावली पडत असली की अर्ज परत. सावली पकडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. झाडाची फांदी, शेजारच्या भिंतीचं टोक, कपडे वाळत घालायची तार, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. म्हणून कार्यालयात तिला सावलीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचा राग नव्हता, उलट जरा बरंच वाटे. डॉक्टरच्या पॅनेलांवर सावली नव्हती. तिने मंजुरीच्या बटणावर बोट नेलं आणि उगाचच, सवय नसताना, तिची नजर डॉक्टरच्या खांद्यावरून मागे गेली. मागे दुसरी एक गच्ची होती. तिच्यावर पाण्याची काळी टाकी होती, आणि टाकीला टेकून, सावलीत अंग चोरून, एक माणूस मांडीवर डबा उघडून जेवत होता. अंगात निळ्या चौकटींचा शर्ट. तो शर्ट तिने स्वतः इस्त्री केलेला होता.

तिने फोटो मोठा केला. मोठा केला तसा माणूस फुटत गेला, नाकाडोळ्यांच्या जागी नुसते चौकोन राहिले, पण टाकी ओळखू येत होती. मागच्या वर्षी तडा गेला तेव्हा नवऱ्याने तिला हिरव्या रंगाचं ठिगळ लावलं होतं. काळ्या टाकीला हिरवं ठिगळ कशाला, म्हणून त्यावरून घरात दोन दिवस हसाहशी चालली होती. ते ठिगळ तिथे होतं. डॉक्टरचं घर त्यांच्या मागच्या गल्लीत, तेव्हा त्याच्या पाठीमागे त्यांचीच गच्ची येणार, यात नवल काही नव्हतं. फोटो मंगळवारचा होता, भर दुपारचा. मंगळवारी दुपारी नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या कंपनीत होता. सकाळी तिच्यामागोमाग डबा घेऊन निघाला होता आणि संध्याकाळी नेहमीसारखा, बूट दाराशी काढत, आज फार दमलो म्हणाला होता. पहिल्यांदा तिच्या मनात चोराचा विचार आला. मग तिचं तिलाच हसू आलं, की कुठला चोर आपला डबा घेऊन चोरी करायला येतो, आणि खाली मान घालून इतक्या निमूटपणे जेवतो? तिने टेबलावरचा फोन उचलला आणि कंपनीचा नंबर फिरवला, पूर्वीपासून पाठ असलेला. हा क्रमांक आता वापरात नाही, असं एका बाईच्या गोड आवाजात तिला दोन भाषांत सांगण्यात आलं.

शेजारच्या टेबलावर कोणीतरी शिक्के मारत होतं. नवऱ्याची कंपनी जनरेटर विकायची. लग्न झालं तेव्हा तिच्याकडे ही नोकरी नव्हती, अनुदानही नव्हतं, वीज मात्र सारखी जायची आणि जनरेटरला मरण नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तो तिला कंपनीच्या आवारात घेऊन गेला होता. ओळीने उभे केलेले पिवळे जनरेटर, त्यातल्या सगळ्यात मोठ्याला त्याने तिच्यादेखत चालू केलं, जमीन हादरली, आणि त्या गोंगाटात तो काहीतरी ओरडून सांगत होता ते तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, काही नाही गं, एवढा आवाज आपल्या मालकीचा, असं म्हणत होतो. पुढे तिला इथे नोकरी लागली तेव्हा तो जेवताना चिडवायचा: "तू एक अर्ज मंजूर केलास की आमचा एक जनरेटर गंजायला लागतो. जरा बेताबेताने मंजूर कर, बाई." सासूबाई हसायच्या, तीही हसायची. गेल्या वर्षी कधीतरी त्याने चिडवणं बंद केलं. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्याच्या शर्टांना डिझेलचा वास यायचा, कितीही धुतले तरी; तो वास अलीकडे येत नाही हे मात्र लक्षात आलं होतं, आणि नवा साबण चांगला निघाला म्हणून ती खूश झाली होती. मानेच्या मागे त्याची कातडी रापली होती, उजव्या कानापाशी सालपटं निघत होती. ग्राहकांकडे उन्हातान्हात फिरावं लागतं, तो म्हणाला होता, आणि तिने रोज आंघोळीनंतर तिथे मलम चोळलं होतं. आपल्याला सावली दिसते म्हणे. तिला स्वतःची चीड आली, अगदी कानशिलं तापली.

तिने डॉक्टरचा अर्ज मंजूर केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, अर्ज बिनचूक होता. मग पुढचा फोटो उघडला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली, कारण आता दुसरी गोष्ट डोक्यात उगवली होती: येत्या गुरुवारी त्यांच्याच गच्चीवर पॅनेलं बसणार होती. ते सगळं तिनेच घडवून आणलं होतं. वरच्या साहेबांनी एकदा सगळ्यांदेखत टोमणा मारला होता की साऱ्या गावाची वीज फुकट करणाऱ्या सावलीबाईंच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. ते तिला लागलं. शिवाय योजना वर्षअखेरीला बंद होणार होती, मग हेच काम दीडपट पडलं असतं. तिने घरी विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, स्लॅबला भोकं पाडतील, गळती लागेल. तिने गळतीचं समजावलं. मग तो म्हणाला वाऱ्याने उडतील. मग म्हणाला, आईला वरच्या ठोकाठोकीचा त्रास होईल. एकदा तर म्हणाला, गच्ची जरा मोकळी असलेली बरी. "कशाला?" तिने विचारलं होतं, "तू कधी जातोस गच्चीवर?" त्यावर त्याने सहीचा कागद मागितला होता आणि ती जिंकली होती. घर त्याच्या नावावर, म्हणून सही त्याचीच लागत होती. त्याने सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि पेन परत खिशाला अडकवून कामावर गेला. म्हणजे कुठे गेला, ते आता तिला माहीत होतं. मागच्या गल्लीने फिरून, मागच्या फाटकातून, बाहेरच्या जिन्याने, बुटांचा आवाज न करता.

घरी आली तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांना जिने चढायची बंदी केली होती. खिडकीतून दिसेल तेवढं जग, आणि कानांना ऐकू येईल तेवढं. कान मात्र तिखट होते. मांजराचं प्रकरण त्यांनीच काढलेलं. वर दिवसभर मांजर फिरतं गं, पाण्याच्या टाकीभोवती, असं त्या पावसाळ्याच्याही आधीपासून सांगत होत्या. नवरा म्हणायचा, आई, तुझे कान वाजतात. ती स्वतःही म्हणायची, आई, मांजराच्या पावलांचा कधी आवाज होतो का? त्यावर सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या की हे मांजर अंगाने भरलेलं आहे. तेव्हाही सगळे हसले होते. आज तिने पिशवी खाली ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आलं होतं का हो मांजर?"

"आलं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. "दुपारी बराच वेळ एका जागी होतं. खोकत होतं जरा."

"मांजर?"

"मांजरांना नाही होत का खोकला?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "त्याच्या डब्यात उद्यापासून थोडं जास्त घालत जा. मी बघते ना, बारीक झालाय."

ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. म्हणजे यांनाही माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. पोटचा पोरगा डोक्यावर बसून जेवतो आणि आई खाली बसून त्याची पावलं मोजते, आणि संध्याकाळी तो पुढच्या दाराने आत आला की म्हणते, आलास का रे, दमला असशील. तिला रडू आलं नाही, भीती वाटली. गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा होता. बांधताना पैसे संपले म्हणून नंतर वाढवू म्हणाले होते, ते राहूनच गेलं होतं.

तो वेळेवर आला. बूट दाराशी, डबा ओट्यावर, तोंडावर पाणी. तिने विचारलं, कसा गेला दिवस. आणि तो सांगू लागला. एका गिरणीवाल्याचा जनरेटर धूर सोडत होता, माणूस पाठवला तर त्याने भलताच भाग काढून ठेवला, शेवटी मलाच जावं लागलं. गिरणीवाल्याची बोबडी मुलगी मध्येमध्ये लुडबुडत होती, तिने पान्हा कुठे लपवून ठेवला होता माहितीये? पिठाच्या डब्यात! सासूबाई हसल्या. तिने पाहिलं, की तो छान सांगत होता, पूर्वी सांगायचा त्याहून छान. दिवसभर त्याला दुसरं काय काम होतं? टाकीला पाठ लावून तो संध्याकाळसाठी एक दिवस बनवत असेल, त्यात माणसं घालत असेल, त्यांना बोबडं करत असेल. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला काळा डाग होता, टाकीचा. तो तिने बघितला आणि आपण बघितलेलं त्याने बघितलं की काय असं वाटून ताटात मान घातली. डबा रिकामा होता, पुसून काढल्यासारखा. तिला त्याचा राग यायला हवा होता. घरी पैसे तर देत होता दर महिन्याला, कंपनी बंद होताना काहीतरी देऊन मोकळी झाली असेल, ते तो पुरवून पुरवून पगार म्हणून आणत असेल. ते संपल्यावर काय, हा प्रश्न होताच. तरी राग येईना. येत होती ती माया, आणि तिचं करायचं काय ते कळत नव्हतं.

बोलून टाकावं, हे काय तिला सुचलं नव्हतं का? पण त्या घराची रीत तशी नव्हती. कार्यालयातल्या बढतीच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. ती गोष्ट तिने लपवली, निकाल लागायचाय म्हणत राहिली, आणि रोज संध्याकाळी हसतमुखाने घरी येत राहिली. नवऱ्याला तिच्याच साहेबाकडून केव्हाच कळलं होतं. त्याने शब्द काढला नाही. फक्त एके दिवशी तिच्या घरातल्या टेबलावर नवा दिवा आणून ठेवला, अभ्यासाला बरा पडेल म्हणून नव्हे, तर जुन्याचं बटण बिघडलंय म्हणून. पुढच्या वर्षी ती पास झाली तेव्हा पहिल्यांदाच झाल्यासारखा आनंद सगळ्यांनी केला. त्या दिव्याइतकं तिच्यासाठी कोणी काही केलं नव्हतं. झाकली मूठ तशीच झाकलेली ठेवायची, वरून दुसऱ्याने आपला हात ठेवायचा, असं त्या घरात जपणं होतं. आता तिची पाळी होती. आणि तिच्याकडे द्यायला दिवा नव्हता, गच्चीच होती. तीसुद्धा त्याच्याचकडे असलेली, जी तीच काढून घ्यायला निघाली होती.

रविवारी तो बाजारात गेला तशी ती वर गेली. रविवारी तो गच्चीचं नावही काढत नसे, सुट्टी ना. भर उन्हात ती किती वर्षांत वर आली नव्हती. टाकीभोवती सिमेंट गुळगुळीत झालं होतं, एका बाजूला सकाळची जागा, मागे दुपारची, जिन्याकडे उतरत्या उन्हाची. तो सावलीबरोबर सरकत टाकीला अर्धी फेरी घालत असणार. टाकी आणि भिंतीच्या फटीत घडी केलेला पुठ्ठा होता, बसायला. एक पाण्याची बाटली. दाढीचा छोटा आरसा होता, तो कशाला ते तिला कळेना, मग कळलं: संध्याकाळी खाली उतरण्याआधी केस नीट करायला, चेहऱ्यावर कंपनीतून आल्याचा भाव आणायला. वर्तमानपत्र होतं, त्यात कोडं पूर्ण सोडवलेलं. ती पुठ्ठ्यावर बसली. टाकीची भिंत गार लागली पाठीला, आत पाणी हलल्याचा बारीक आवाज आला. बसल्या जागेवरून रस्ता दिसत नव्हता, शेजार दिसत नव्हता, फक्त डॉक्टरच्या गच्चीची कडा आणि त्यावरची नवी निळी पॅनेलं. खालून सासूबाईंच्या खोकण्याचा आवाज स्पष्ट आला, खुर्ची सरकवल्याचा, भांडं ठेवल्याचा. तेव्हा तिला उमगलं की तो बागेत, स्टेशनावर, वाचनालयात, कुठेही बसू शकला असता. चारचौघांत बसायला सोपं. पण इथून घर ऐकू येत होतं. आई पडली तर धावत खाली जाता येत होतं. घरात राहता येत नाही आणि घर सोडवत नाही, अशा माणसाला जगात एवढीच जागा होती, आणि गुरुवारी तिथे लोखंडी पाय रोवले जाणार होते. तिने पुठ्ठा होता तसा घडी करून ठेवला. बाटली किंचित हलली होती, ती परत जागच्या जागी नेली.

सोमवारी कार्यालयातून तिने पॅनेल बसवणाऱ्याला फोन लावला. हा गडी वर्षानुवर्षं तिच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत आलेला, तोंडाचा फटकळ, कामाला चोख. ती म्हणाली, गुरुवारचं काम रद्द करा, आमच्या गच्चीवर सावली आहे.

"कसली सावली, ताई? मी स्वतः बघून गेलोय. लख्ख ऊन."

"टाकीची. टाकीमागे दिवसभर असते."

"दिवसभर?" तो हसला. "सावली एका जागी दिवसभर बसून राहायला ती काय सरकारी फाइल आहे? फिरते ती. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला, अर्ज परत करकरून."

"असते म्हटलं ना."

"मग टाकी हलवू. अर्ध्या तासाचं काम."

"टाकीला हात लावायचा नाही," ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारचे शिक्के थांबले. पलीकडून तो म्हणाला बरं, जशी तुमची मर्जी. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं. सगळ्या नोकरीत तिने खरी सावली कधी सोडली नव्हती. आज पहिल्यांदा खोटी सांगितली होती, आणि ती तिला अजिबात टोचली नाही. तिने गार पाणी पिऊन पुढचे अर्ज भराभर उरकले. एक गोष्ट मात्र ती साफ विसरली, आणि तीच तिने लोकांना शंभरदा ऐकवलेली होती: सही होऊन ठरलेलं काम रद्द करायचं तर मालकाला विचारावं लागतं, घरच्यांनी सांगून चालत नाही.

संध्याकाळी तो आला, बूट काढले, तोंडावर पाणी मारलं. डबा ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभा राहिला. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"त्या बसवणाऱ्याचा फोन आला होता मला."

"हो का?"

"म्हणाला, बाईसाहेब म्हणतात टाकीमागे दिवसभर सावली असते. रद्द करू का."

"असतेच ना," ती म्हणाली.

"दिवसभर नसते गं." आवाज साधा होता, रोजचा, एखाद्याची चूक हळूच दुरुस्त करावी तसा. "सकाळी भिंतीकडे असते. दुपारी मागे जाते, तीही वीतभर. ऊन उतरायला लागलं की मग जिन्याच्या अंगाला..." आणि तो थांबला. कोपऱ्यातल्या नळातून थेंब पडत होता. बोलायला नको होतं ते सगळं तो बोलून गेला होता, आणि तिला माहीत नसायला हवं होतं ते तिने फोनवर सांगून टाकलं होतं. ती वळली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, लाजही नव्हती. भरल्या घरात कोणी चुकून न्हाणीघराचं दार उघडावं आणि आतल्याने नुसतं बघत राहावं, तसा तो बघत होता.

"आमच्याकडे फोटो येतात," ती म्हणाली. "त्यात दिसतं."

"हं." तो ओट्यावरचं फडकं घडी करू लागला. "डॉक्टरने बसवली ना."

"हो."

"मंजूर केलीस?"

"केली."

"छान केलंस. सज्जन माणूस आहे." फडक्याची घडी झाली, ती त्याने मोडली, पुन्हा घातली. तिला वाटलं आता बोलेल, किंवा मी बोलेन, दोघांपैकी कोणीतरी एक शब्द काढला की बांध फुटेल आणि मग काय व्हायचं ते होवो. तिने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात पुढच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "जेवायला घ्या रे. किती बोलता? अन्न गार होतंय." तो म्हणाला, आलो आई. जेवताना त्याने गिरणीवाल्याचं पुढचं काही सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलं, त्या बोबडीचं काय झालं मग? तो म्हणाला, आज गेलो नव्हतो तिकडे.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा निघाला, डबा घेऊन, केसांना पाणी लावून. ती त्याच्या आधी निघत असे, त्या दिवशी मुद्दाम रेंगाळली, पण तो तिच्यापेक्षा जास्त रेंगाळला, शेवटी तिलाच जावं लागलं. संध्याकाळी ती आली तेव्हा सासूबाई खिडकीशी नव्हत्या. आतल्या खोलीत, पलंगाच्या कडेवर, मान वर करून छताकडे कान लावून बसल्या होत्या. किती वेळापासून बसल्या होत्या कोण जाणे, चहाच्या कपावर साय धरली होती.

"मांजर नाही गं आलं आज," त्या म्हणाल्या.

ती तशीच वर गेली. फटीतला पुठ्ठा नव्हता. बाटली नव्हती, आरसा नव्हता. सगळीकडे झाडलेलं होतं, कोपऱ्यांतसुद्धा, पॅनेल बसवायला येणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून झाडावं तसं. कठड्याशी जाऊन तिने खाली वाकून बघितलं, आणि तिथेच कठड्याला पाठ लावून खाली बसली. पण तो आला. वेळेवर आला, बूट दाराशी काढले, डबा रिकामा. बुटांवर लाल धूळ होती, त्यांच्या भागात तसली माती नव्हती. दमलो म्हणाला, आणि या वेळी तो खरोखर दमला होता. कालच्या संध्याकाळनंतर बोलायचं दार बंद झालं होतं, आणि ते तिनेच, चांगलं करायला जाऊन, बंद केलं होतं. पॅनेलंही बसली गुरुवारी, त्याने स्वतः बसवणाऱ्याला फोन करून बोलावलं. घरच्या अर्जाचा फोटो दुसऱ्या टेबलावर गेला, नियमाप्रमाणे. तिने तो पाहिला नाही. कोणीतरी सांगितलं, तुमचे मिस्टर छान उभे राहिलेत, छाती काढून. मंजूर व्हायला वेळ लागला नाही. विजेचं बिल आलं ते शून्याच्या जवळ, साहेबांनी सगळ्यांदेखत अभिनंदन केलं. सासूबाई मात्र आता खिडकीशी बसेनाशा झाल्या. आतल्या खोलीतच असायच्या, आणि तिच्याकडे बघून विचारायच्या नाहीत, पण तिला कळायचं काय विचारताहेत ते.

तिच्या टेबलावर अर्ज साचू लागले. पूर्वी एका फोटोला तिला घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ पुरत असे. आता ती मालकाकडे बघत नव्हती, पॅनेलं, पाटी, काहीच नाही. मालकाच्या खांद्यावरून मागे जायची आणि तिथेच हिंडत राहायची. मागच्या गच्च्या, गच्च्यांवरच्या टाक्या, टाक्यांच्या बगला. दूरचा मैदानाचा तुकडा, त्यातला बाक. बांधकामं, लाल मातीचे ढीग. अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या कठड्यावर बसलेला ठिपका ती मोठा करायची, आणि तो फुटून चौकोन चौकोन व्हायचा. एवढ्या मोठ्या शहरात दुपारच्या वेळी कितीतरी माणसं कुठे ना कुठे एकेकटी बसलेली असतात, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. साहेब एकदा पाठीशी येऊन उभे राहिले. "सावलीबाई, काम तुंबलंय. एवढं काय शोधताय त्यात?" ती म्हणाली, काही नाही, सावली. आणि खरं तर सापडला असता तरी उपयोग नव्हता. फोटो तिच्यापर्यंत यायला आठवडा लागायचा; तिला दिसला असता तो गेल्या आठवड्यातला नवरा, तेव्हा तिथे होता एवढंच.

तरी ती रोज संध्याकाळी तो निळ्या चौकटींचा शर्ट धुते. सकाळी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकते, बाकीचे शर्ट कपाटात तसेच. कॉलर विरली, एका कोपराला झिरझिरीत झालंय, पण लांबून ओळखायला तो बरा. रोज हाच का, असं त्याने तिला एकदाही विचारलेलं नाही. अंगात घालतो, गुंड्या लावतो, अगदी वरचीसुद्धा, आणि डबा घेऊन निघतो.